खोऱ्यातल्या ओल्या जमिनीत कंद का सडतात आणि काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण वडोद्यात राहता, वलसाड जिल्ह्यातल्या धरमपूर तालुक्यात दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आपल्या कुटुंबाची अडीच एकर जमीन आहे, गेल्या जूनमध्ये तिथे आपण सुरण आणि रताळी लावली, ऑगस्ट संपता संपता पाने पिवळी पडली आणि दिवाळीनंतर खणले तेव्हा निम्म्याहून अधिक कंद सडलेले निघाले. कोणते बुरशीनाशक किती वेळा ओतावे, सडलेल्या शेतातले चांगले दिसणारे कंद बेणे म्हणून ठेवावेत का, आणि पुढच्या वर्षी तिथे नेमके काय लावावे, असे आपण विचारले आहे. मी गेली पंचवीस वर्षे वडोद्याच्या आसपास आणि दक्षिण गुजरातच्या डोंगराळ पट्ट्यात कंदपिके घेतो आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो: आपल्या शेतातला विकार औषध ओतून बरा होणारा नाही. बुरशी तिथे सर्वांत शेवटी पोहोचली. त्याआधीच मुळांचा श्वास कोंडला होता.

त्याआधी एका शब्दाचा उलगडा करून घेऊ, कारण वडोद्यातल्या मराठी माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो. आपण ज्याला रताळे म्हणतो त्याला गुजरातीत शक्करिया म्हणतात, आणि गुजरातीत ज्याला रताळू म्हणतात तो उंधियूत पडणारा जांभळा कंद, म्हणजे आपले कोनफळ. खंडेराव मार्केटमध्ये उपवासासाठी रताळी मागून कोनफळ घरी आणलेली मंडळी आमच्या नात्यातच दोन-तीन निघतील. आपण वेल जमिनीवर पसरल्याचे लिहिले आहे, त्यावरून आपण शक्करियाच लावले असे मी धरतो. शेताच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही पिकांचा हंगाम, बेणे आणि पाण्याशी असलेले नाते पूर्ण वेगळे आहे.

आता मूळ कारणाकडे येतो. कंद हा पाण्याने फुगत असला तरी तो वाढवणाऱ्या मुळांना प्राणवायू लागतो, आणि तो मातीतल्या पोकळ्यांमधून येतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा शिरकाव जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मातीतले जिवाणू उरलेला साठा उबदार हवेत एक-दोन दिवसांतच संपवतात. नंतर ते नत्राच्या नायट्रेटवर जगू लागतात आणि आपण टाकलेला युरिया वायू होऊन उडून जातो. पाने पिवळी पडण्याचे एक कारण हेच असते, आणि त्यावर शेतकरी पुन्हा युरिया टाकतो. अशा गुदमरलेल्या कंदाची साल हळवी होते, पेशींतून साखर पाझरते आणि मग मातीत आधीपासून असलेल्या बुरशीला आयते ताट मिळते. सुरणाच्या बुंध्याशी पांढऱ्या धाग्यांचे जाळे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे आपल्याला दिसले असतील, तर ती स्क्लेरोशियमची बुरशी होय. पण निचरा असलेल्या शेतात तीच बुरशी दोन-चार झाडे घेऊन थांबते.

मराठी शेतकऱ्याकडे वाफसा हा शब्द आहे, आणि गुजरातीत त्याच अर्थाने वराप म्हणतात: पावसानंतर मातीतले जास्तीचे पाणी उतरून गेले आहे, ओल शिल्लक आहे आणि हवा परत आली आहे, अशी स्थिती. वडोद्याच्या गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याच्या जमिनीत, जिथे वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दोन दिवस उघडीप मिळाली की वाफसा आपोआप येतो. धरमपूरकडे पाऊस याच्या दुपटीहून जास्त पडतो, शिवाय खोऱ्यातल्या जमिनीला आकाशातून येणाऱ्या पाण्याबरोबरच डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणीही झेलावे लागते, त्यामुळे आषाढापासून भाद्रपदापर्यंत तिथे वाफसा येतच नाही. तो माणसाला घडवावा लागतो. मी यापुढे जे लिहिणार आहे ते सारे त्या घडवण्याविषयी आहे.

पहिले काम पैशाचे नाही, फावड्याचे आहे. येत्या श्रावणात शेतावर जाऊन तीन खड्डे खणा: एक डोंगराच्या पायथ्याशी, एक मधल्या भागात आणि एक ओहोळाजवळच्या सर्वांत सखल तुकड्यात. प्रत्येक खड्डा ९० सेंटिमीटर खोल असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांत पाणी किती उंचीवर उभे आहे ते मोजा आणि खड्ड्याच्या भिंतीचा रंग पाहा. माती वरपासून खालपर्यंत एकसारखी तांबूस किंवा तपकिरी असेल तर तिथे हवा खेळते. ज्या खोलीपासून राखाडी रंग आणि त्यात गंजासारखे तांबडे ठिपके सुरू होतात, त्या खोलीपर्यंत पाणी दरवर्षी चढते आणि उतरते, कारण प्राणवायू नसताना लोह विरघळून वाहते आणि हवा लागली की पुन्हा गंजून बसते. पूर्ण निळसर राखाडी माती असेल तर ती वर्षाचा बराच काळ पाण्याखाली असते. पावसाळा चुकला तरी हे ठिपके उन्हाळ्यात वाचता येतात. म्हणून मी कोणाची जमीन पाहायला गेलो की पिकाकडे पाहण्याआधी खड्डा मागतो. चरातल्या साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर त्याला काडीने ढोसून पाहा. तवंग काचेसारखा तुटून तुकडे झाले तर ते लोहजिवाणूंचे काम आहे आणि डोंगरातून लोहयुक्त पाणी आपल्या शेतात उतरते आहे असे समजावे.

या तीन खड्ड्यांवरून शेताचे तीन भाग पडतील आणि त्यांत एकच पीक घेण्याचा मोह टाळावा लागेल. माझ्या मते आपली सर्वांत मोठी चूक औषधाची नसून हीच होती, की अडीच एकर हा एकच तुकडा धरला गेला.

दुसरी चूक आपण पुस्तकाप्रमाणे केली, म्हणून तिचा दोष आपल्याकडे कमी येतो. सुरणासाठी ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत भरून कंद लावावा, ही शिफारस सर्वत्र छापलेली आहे आणि निचऱ्याच्या जमिनीत ती योग्यच आहे. खोऱ्यातल्या चिकण मातीत मात्र असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली परात होते. भोवतालची घट्ट माती पाणी बाहेर जाऊ देत नाही, आतले भुसभुशीत खत स्पंजासारखे ते धरून ठेवते, आणि कंद त्याच्या मधोमध बसतो. मी स्वतः हे शिकलो ते नुकसान सोसून. विश्वामित्रीच्या बाजूला एका सखल तुकड्यात मी खड्ड्यांत सुरण लावला होता. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तो चार दिवस पाण्याखाली राहिला. (पूर ओसरल्यावर लगेच शेतात शिरलो नाही, कारण त्या नदीच्या मगरींना बांध आणि वाट यांतला फरक कळत नाही.) नंतर खणले तेव्हा खड्ड्यांतले कंद हाताने दाबले तरी पिचत होते, आणि बांधालगत चराची माती ओढून सहज म्हणून जी एक उंच ओळ लावली होती, तिच्यातले बरेच कंद टणक निघाले. जात तीच होती, बेणे आणि खतही तेच होते. फरक फक्त हातभर उंचीचा होता.

म्हणून खोऱ्यात खाली खणायचे नाही, वर चढवायचे. आधी डोंगराच्या पायथ्याशी, शेताच्या वरच्या कडेने, उताराला आडवा असा एक मोठा चर घ्यावा. तो किमान ६० सेंटिमीटर खोल असावा आणि त्याला ओहोळाकडे हलका ढाळ द्यावा. डोंगरातून झिरपणारे पाणी शेतात शिरण्याआधीच हा चर पकडतो, आणि माझ्या अनुभवात आतले सगळे चर मिळून जेवढे काम करतात त्याच्या निम्मे काम हा एकटा करतो. त्यानंतर शेतात एक ते सव्वा मीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटिमीटर उंच गादीवाफे करावेत व दोन वाफ्यांमधले चर बाहेरच्या चराला जोडावेत. वाफे उन्हाळ्यातच तयार झाले पाहिजेत. ओल्या चिकण मातीत नांगर किंवा ट्रॅक्टर घातला तर मातीला लोण्यासारखी चकाकी येते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि पुढे वर्षभर त्या थराखाली पाणी अडून राहते.

ही युक्ती आपल्याकडची नाही आणि नवीही नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात वाघी खोऱ्यात कुक नावाची दलदल आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या या दलदलीत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी लोक मातीचे उंचवटे करून लागवड करत होते आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वी त्यांनी निचऱ्याचे चर खणले होते, हे उत्खननात सापडले आहे. अळकुडी त्या खोऱ्यात फार जुनी, रताळे बऱ्याच नंतर आले. त्या जागेला २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ओले उष्णकटिबंधीय खोरे आणि कंद यांचे गणित माणसाने तिथे लोखंडाच्या अवजाराशिवाय सोडवले होते, तेव्हा आपल्यालाही ते जमायला हरकत नाही.

आता पिकांकडे वळतो. रताळ्याविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या जमिनीचे खरे पीक तेच आहे असे मला वाटते. फक्त त्याचा हंगाम आपण उलटा धरला. रताळ्याच्या वेलाची कोणती मुळे कंद होणार आणि कोणती नुसतीच दोरीसारखी राहणार, हे लावणीनंतरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत ठरते. त्या काळात मातीत हवा नसेल तर मुळे पेन्सिलीएवढी होऊन थांबतात आणि पुढे कितीही चांगले हवामान मिळाले तरी ती फुगत नाहीत. जूनअखेर लावलेल्या रताळ्याचे हे पाच-सहा आठवडे नेमके खोऱ्यातल्या सर्वांत मोठ्या पावसात येतात. मग कंद सडले नाहीत तरी वर वेल हिरवागार आणि खाली काही नाही, असे चित्र दिसते. याउलट मधल्या भागात पावसाळ्यात भात घ्यावा, ऑक्टोबरअखेर तो कापून झाला की वाफसा येताच सऱ्या-वरंबे काढावेत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रताळ्याचे वेल लावावेत. तेव्हा पाण्याची पातळी रोज थोडी खाली जात असते, म्हणजे मुळे खाली उतरतात तशी हवाही खाली उतरते. जे पाणी पावसाळ्यात शत्रू होते तेच आता जानेवारीपर्यंत ओल पुरवते. ज्या क्यारीत (भाताच्या बांधबंदिस्त खाचरात) तळाला ओल टिकते तिथे मी डिसेंबरअखेरपर्यंत एकही पाणी न देता हे पीक आणले आहे.

त्यासाठी वेल मात्र आधीच तयार हवेत. श्रावणात पायथ्याच्या उंच, निचऱ्याच्या तुकड्यावर निवडक कंद लावून वेलांची रोपवाटिका करावी. लावणीसाठी वेलाचा शेंड्याकडचा २० ते ३० सेंटिमीटरचा भाग घ्यावा. बुडाचा जून भाग घेऊ नये, कारण रताळ्याचा भुंगा त्यातच अंडी घालतो आणि आपण बेण्याबरोबर कीडही नव्या शेतात नेतो. तोडलेले वेल एक-दोन दिवस सावलीत ठेवून लावले तर मुळे लवकर फुटतात. वरंब्यांत ६० आणि वेलांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि लावणीनंतर एका व दोन महिन्यांनी अशी दोनदा मातीची भर द्यावी. दुसरी भर आळसाने टाळू नये, कारण माघात जमीन वाळून भेगा पडल्या की भुंगा त्या भेगांतूनच कंदापर्यंत उतरतो. हे पीक साधारण १०० ते १२० दिवसांत निघते. खोऱ्यातली थंडी साचून राहते, म्हणून आपल्याकडे १२० दिवसच धरावेत. महाशिवरात्रीच्या बाजाराला पहिली तोडणी मिळावी अशी इच्छा असेल तर लावणी दिवाळीच्या मागे-पुढे उरकावी. जातींपैकी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अश्विनी ही पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यासाठी विचारात घेण्यासारखी आहे.

सुरण फक्त पायथ्याच्या तुकड्यात, जिथे श्रावणातल्या खड्ड्यात वरच्या ६० सेंटिमीटरमध्ये पाणी नसेल तिथेच, आणि तोही वाफ्यावर लावावा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावला तर पाऊस येईपर्यंत कोंब आणि मुळे उभी राहतात, आणि मुळांचा जम बसलेले झाड चार दिवसांचा ताण सोसते. सुमारे ७५० ग्रॅम ते एक किलोचे बेणे, ९० बाय ९० सेंटिमीटर अंतर, आणि आठ-नऊ महिन्यांचे पीक हे सर्वत्र सारखेच आहे. कंद कापून लावायचा असेल तर प्रत्येक तुकड्यावर मधल्या डोळ्याचा काही भाग आला पाहिजे; तुकडे शेणकाल्यात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) मिसळून बुडवावेत आणि सावलीत सुकवावेत. बुरशीविषयीचा आपला आग्रह इथे खर्च केला तर त्याचे काही फळ मिळते. गजेंद्र ही जात घशाला खाजत नाही म्हणून बाजारात तिला मागणी आहे. खुरपणी करताना बुंध्याला खुरपे लागू देऊ नये, कारण स्क्लेरोशियम त्या जखमेतून आत शिरतो.

ओहोळाजवळच्या सखल तुकड्यात सुरण नको, रताळे नको, कोनफळ तर मुळीच नको. कोनफळाचा कंद सरळ खाली जातो आणि त्याचे टोक पाण्यात बुडाले की तिथून सड वर चढते. तिथे अळकुडी लावावी, जिला गुजरातीत अळवी म्हणतात आणि जिच्या पानांचे पात्रे होतात. तिच्या देठांत आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात, म्हणून ती पाण्यात पाय बुडवून उभी राहू शकते. पण एक अट आहे: पाणी वाहते आणि गार हवे. साचून तापलेल्या पाण्यात तिचाही कंद पिथियम नावाच्या सडवणाऱ्या रोगजंतूमुळे मऊ पडतो. तिचा दुसरा शत्रू म्हणजे पानावरचा करपा. खोऱ्यातले धुके, गार रात्र आणि सततची रिमझिम यांत तो आठवडाभरात सगळे शेत जाळतो. सामोआत १९९३ मध्ये या एका रोगाने अळकुडीची शेतीच मोडून टाकली होती. पानावर पाणी मुरल्यासारखे गोल डाग आणि त्यांच्या कडेला पिवळसर थेंब दिसताच ती पाने काढून नष्ट करावीत आणि उघडीप पाहून मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेब या बुरशीनाशकांच्या मिश्रणाची फवारणी, लेबलवरील प्रमाणात, करावी. भर पावसात मारलेले औषध ओहोळाला मिळते.

गाजर आणि बीट यांचा विचार चिकण मातीत करू नये. कंद फाटे फुटून निघतात. कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) पायथ्याच्या वरच्या उतारावर चालेल, खाली नाही.

खताविषयी दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. कंदपिके पालाश (पोटॅश) फार उचलतात, आणि जास्त पावसाच्या प्रदेशात पालाशच सहज धुपून जातो. म्हणून तो एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्यावा. तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था १९६३ पासून या पिकांवर काम करते आहे. तिच्या शिफारशीप्रमाणे सुरणाला हेक्टरी २५ टन शेणखत आणि १००:५०:१५० किलो नत्र, स्फुरद व पालाश लागते, तर रताळ्याला ५ टन शेणखत आणि ५०:२५:५० किलो पुरते. रताळ्याला नत्र वाढवला की वेल माजतो आणि कंद रुसतो. दुसरी गोष्ट आम्लतेची: डोंगरातून लोहयुक्त पाणी येत असेल तर मातीची तपासणी करून सामू (pH) साडेपाचच्या खाली आहे का ते पाहावे आणि असल्यास अहवालाप्रमाणे चुना द्यावा, तोही उन्हाळ्यात.

रानडुकरांविषयी आपण विचारले नाही, पण खोरे म्हटले की ती आलीच. ती रताळ्यावर सर्वांत आधी तुटून पडतात. म्हणून मधल्या भागाला, निदान पौषापासून पुढे, राखणदार किंवा कुंपण यांची तरतूद खर्चात आधीच धरावी.

बेण्याचा आपला प्रश्न शेवटी घेतो. सडलेल्या शेतातली रताळी बेण्यासाठी ठेवूच नयेत. रोपवाटिकेसाठीचे कंद किंवा वेल बाहेरून आणावेत. सुरणाचे टणक निघालेले कंद वेगळे करून, न धुता, हवेशीर सावलीत एकेरी थरात तीन आठवडे ठेवावेत. त्या काळात ज्याच्या बुंध्याच्या खळग्याशी मऊपणा, आंबूस वास किंवा ओला डाग येईल तो बाजूला काढून जाळावा, कारण असा एक कंद शेजारच्या दहांना घेऊन जातो. जे टिकतील त्यांतलेही पायथ्याच्या तुकड्यातून निघालेलेच बेणे म्हणून ठेवावेत, आणि ओहोळाकडच्या तुकड्यातले, कितीही चांगले दिसत असले, तरी घरी भाजीला वापरावेत.